लढाई न पाहिलेल्या युद्धनौका

सागरी संग्रहालय ही पूर्णपणे जमिनीवरची संस्था आहे. तिथे जहाजे असतात, पण ती कुठे जात नाहीत. तोफा असतात, पण त्या उडत नाहीत. आणि खलाशाच्या पोशाखात जी माणसे दिसतात त्यांतली अर्धी फायबरची आणि उरलेली अर्धी निवृत्त शिक्षक असतात. प्रेक्षक तिन्हींकडे सारख्याच आदराने पाहतो. फायबरचा खलाशी कोणता आणि शिक्षक कोणता, हे शिक्षक बोलू लागेपर्यंत कळत नाही, आणि तो बोलू लागला की तासभर सुटका नाही.

लाकडी जहाज शेदोनशे वर्षे टिकणे निसर्गनियमाला धरून नाही. खाऱ्या पाण्यातला किडा त्याला पोखरतो, पावसाच्या पाण्याने ते कुजते, आग लागली तर बघता बघता संपते, आणि या सगळ्यातून वाचलेच तर खर्चकपातीसाठी नेमलेली समिती त्याचा निकाल लावते. तरीही काही लाकडी युद्धनौका आजही उभ्या आहेत. त्या कशा वाचल्या हे पाहू गेल्यास एक चमत्कारिक नियम हाती लागतो. ज्या जहाजाने युद्धनौकेचे काम जितके कमी केले, तितके ते अधिक शाबूत राहिले. पराक्रमी जहाजांचे नाव राहते. अंग राहते ते बिनकामाच्या जहाजांचे.

या नियमाचा मेरुमणी स्टॉकहोमला आहे. स्वीडनचा राजा दुसरा गुस्ताव्ह अडॉल्फ याने हौसेने बांधून घेतलेली ‘वासा’ ही ६४ तोफांची नौका १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्या सफरीला निघाली आणि सुमारे १,३०० मीटर गेल्यावर, काठावर जमलेल्या गावासमोर, बुडाली. वाऱ्याने ती कलली, तोफांसाठी उघडलेल्या खालच्या खिडक्यांतून पाणी आत आले आणि कारभार आटोपला. जहाज वर जड आणि तळाशी हलके होते. ही गोष्ट कोणाला माहीत नव्हती असे मुळीच नाही. निघण्यापूर्वी ३० खलाशांना डेकवर या बाजूकडून त्या बाजूकडे पळवून जहाज कितपत डोलते ते पाहिले होते. तिसऱ्या फेरीलाच ते असे डोलू लागले की हजर असलेल्या ॲडमिरलने पळापळ थांबवली. राजा परमुलखात लढाईवर होता, आणि जहाज लवकर पाठवा म्हणून तिकडून तगादा चालू होता. अशा वेळी जहाज थांबवण्यापेक्षा चाचणी थांबवणे सोपे जाते.

चौकशी रीतसर झाली. कप्तान म्हणाला, तोफा नीट बांधलेल्या होत्या आणि खलाशी शुद्धीवर होते. बांधणारे म्हणाले, राजाने मंजूर केलेल्या मापानेच बांधले. मूळ डच कारागीर हेन्रिक हिबर्टसन वर्षभरापूर्वीच वारला होता, आणि मेलेला माणूस कोणत्याही चौकशीला फार सोयीचा असतो. कोणालाही शिक्षा झाली नाही. पुढे सव्वातीनशे वर्षांनी जहाज वर काढल्यावर आत सुतारांच्या चार मोजपट्ट्या सापडल्या: दोन स्वीडिश फुटाच्या, दोन ॲमस्टरडॅमच्या. स्वीडिश फूट १२ इंचांचा आणि ॲमस्टरडॅमचा ११ इंचांचा. एकाच जहाजावर दोन सुतार दोन वेगवेगळ्या फुटांनी मनापासून काम करीत होते. घराचे फर्निचर करून घेतलेल्या कोणाही गृहस्थाला यात नवल वाटणार नाही.

बाल्टिक समुद्राचे पाणी कमी खारट असल्याने तिथे लाकूड पोखरणारा किडा जगत नाही. त्यामुळे चिखलात रुतलेली वासा तशीच राहिली, आणि २४ एप्रिल १९६१ रोजी ती जवळजवळ अखंड वर आली. ती वर येण्याच्या सुमारास फिनलंडच्या काही इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी धावपटू पावो नुर्मीचा एक लहानसा पुतळा गुपचूप तिच्यावर ठेवून दिला होता. सतराव्या शतकाच्या डेकवर विसाव्या शतकातला ऑलिंपिक विजेता पाहून संशोधकांची क्षणभर तारांबळ उडाली. निवड मात्र समर्पक होती. नुर्मी एका शर्यतीत १०,००० मीटर धावत असे. वासाला सगळ्या आयुष्यात त्याचा सातवा हिस्साही जमला नाही. वर आल्यावर लाकूड वाळून तडकू नये म्हणून तिच्यावर पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या द्रावणाचे फवारे १७ वर्षे चालू होते. १९९० मध्ये तिच्याभोवती संग्रहालय उभे राहिले. आज तिचे ९८ टक्के लाकूड मूळचे आहे.

हा टक्का लक्षात ठेवण्यासारखा आहे. ट्रॅफल्गारच्या लढाईत नेल्सनचे निशाण मिरवलेली ‘व्हिक्टरी’ पोर्ट्समथला सुक्या गोदीत उभी आहे. तिचे मूळ लाकूड सुमारे पाचवा हिस्सा उरले आहे. बॉस्टनच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने १८१२ च्या युद्धात इंग्रजांना पळता भुई थोडी केली, तिच्यात मूळचे लाकूड दहा-पंधरा टक्के असेल. बाकीचे सगळे कधी ना कधी बदललेले. त्यामुळे नेल्सनला गोळी लागली त्या जागी बसवलेल्या पाटीसमोर प्रेक्षक गंभीर होऊन उभा राहतो तेव्हा जागा खरी असते, फळी खरी असेलच असे नाही. ती पाटी डेकपासून किंचित वर आहे. इथे नेल्सन पडला असे सांगितल्यावर, पडणारच, आम्हीही आत्ताच अडखळलो, असे कोणीतरी म्हणते, हा तिथला फार जुना विनोद आहे. पिढ्यान्‌पिढ्या तो नव्याने सुचत आला आहे.

जुनेपणाच्या दाव्यातही या संस्था एकमेकींच्या वाटेला जात नाहीत. व्हिक्टरी ही नौदलाच्या सेवेत असलेली जगातली सर्वांत जुनी नौका. पण ती तरंगत नाही. कॉन्स्टिट्यूशन ही सेवेत असलेली आणि शिवाय तरंगणारी सर्वांत जुनी. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूल गावी असलेली ‘त्रिंकोमाली’ ही तरंगणारी सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका. पण ती सेवेत नाही. एका विशेषणाने सगळे भागते, आणि पहिला नंबर तिघींनाही मिळतो.

यांतल्या त्रिंकोमालीकडे मराठी वाचकाने विशेष लक्ष द्यावे, कारण तिचे माहेर मुंबई आहे. नेपोलियनशी लढता लढता इंग्लंडमधले ओक संपत आले, तेव्हा इंग्रज आरमाराला मलबारच्या सागाची आठवण झाली. मुंबईच्या गोदीत ईस्ट इंडिया कंपनीसाठी वाडिया घराणे पिढ्यान्‌पिढ्या जहाजे बांधत आले होते. घराण्याचा मूळ पुरुष लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून आला. त्रिंकोमाली बांधण्याच्या वेळी मुख्य कारागीर जमशेटजी बमनजी होते. लंडनहून नकाशे पाठवले की मुंबईहून जहाज यायचे, अशी व्यवस्था.

नकाशे १८१२ साली ‘जावा’ नावाच्या नौकेवर चढवले. तीच नौका मुंबईला नेमणूक झालेले जनरल हिस्लॉप यांनाही घेऊन निघाली होती. २९ डिसेंबरला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ तिला वर उल्लेखिलेली कॉन्स्टिट्यूशन भेटली. जावाचा इतका चुराडा झाला की अमेरिकनांनी ती बरोबर नेण्याऐवजी जाळून टाकली. नकाशे गेले, हिस्लॉप वाचले. हे तेच हिस्लॉप, ज्यांनी पुढे डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरला होळकरांच्या फौजेशी लढाई केली. जावाऐवजी एखादे सावकाश चालणारे मालवाहू जहाज निघाले असते तर त्रिंकोमालीला काय फायदा झाला असता हे सांगता येते. होळकरांचा फायदा मात्र हिस्लॉपही बुडाले असते तरच झाला असता.

नकाशांची दुसरी प्रत आली. पारशी रिवाजाप्रमाणे जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला गेला, आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी त्रिंकोमाली पाण्यात उतरली. खर्च सुमारे २३,००० पौंड. नाळेवर पगडीधारी भारतीय पुरुषाची कोरीव मूर्ती. नाव श्रीलंकेच्या किनाऱ्यावर १७८२ मध्ये झालेल्या लढाईवरून, म्हणजे लढाईचा संबंध नावापुरता होता. तिथून तीन-साडेतीन आठवड्यांत, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली आणि पेशवाईचा शेवट सुरू झाला. घाटावरून गोदीत तोफांचा आवाज येणे शक्य नव्हते, आणि आला असता तरी ३८ तोफांचे जहाज बोरघाट चढू शकले नसते. ज्या शत्रूसाठी हे जहाज बांधले तो नेपोलियन तर दोन वर्षांपूर्वीच सेंट हेलेना बेटावर जाऊन बसला होता.

इंग्लंडला जाताना जानेवारी १८१९ मध्ये त्रिंकोमाली त्याच बेटावर थांबली. नेपोलियनशी तिचा आलेला हा एकमेव संबंध, आणि तोही वैद्यकीय: नेपोलियनला तपासलेला जॉन स्टोको नावाचा आरमारी डॉक्टर तिथून तिच्यावर चढला. एप्रिलअखेर ती पोर्ट्समथला पोचली. तिथे तिच्या डोलकाठ्या काढल्या, वर छप्पर घातले आणि तिला बाजूला बांधून ठेवले. ती तशी २६ वर्षे होती. एवढ्या काळात तिच्यावर झालेला मोठा हल्ला म्हणजे पाऊस.

१८४५ नंतर तिला बाहेर काढून तोफा कमी केल्या, आणि १८४७ ते १८५७ अशी दहा वर्षे तिने खरीखुरी चाकरी केली. आधी वेस्ट इंडीज, मग पॅसिफिक. हैतीमधल्या दंग्यांच्या वेळी ती जाऊन उभी राहिली, क्युबावर होऊ घातलेले आक्रमण टळावे म्हणून फिरली, गुलामांचा व्यापार रोखण्यासाठी गस्त घातली. क्रिमियाचे युद्ध पेटले तेव्हा ती पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला होती. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका सामुद्रधुनीला तिचे नाव आहे. युद्धनौकेच्या कामाचा मोठा भाग म्हणजे हजर राहणे, आणि त्यात त्रिंकोमाली कधी कमी पडली नाही. सरकारी खात्यात ज्यांची सगळी हयात गेली आहे त्यांना या सेवापुस्तिकेची थोरवी वेगळी सांगायला नको.

पुढे ती मुलांना शिकवण्याचे जहाज झाली. १८९७ मध्ये भंगारवाल्याला विकली गेली. त्याच वर्षी जेफ्री व्हीटली कॉब नावाच्या हौशी श्रीमंताचे नेल्सनच्या काळातले ‘फूद्रॉयां’ हे जहाज ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटले होते. त्याने त्या जहाजाच्या तांब्या-लाकडाची पदके आणि आठवणवस्तू करून विकल्या, भंगारातून त्रिंकोमाली उचलली, आणि काही वर्षांनी तिचे नाव बदलून फूद्रॉयां ठेवले. न लढलेल्या नौकेला लढलेल्या नौकेचे नाव मिळाले. ते तिने जवळजवळ नव्वद वर्षे निमूटपणे वापरले.

पोर्ट्समथमध्ये तिच्या शेजारी ‘इम्प्लॅकेबल’ हे जहाज असे. हे खरे लढवय्ये. मुळात फ्रेंच, ट्रॅफल्गारच्या लढाईत नेल्सनविरुद्ध होते. तिथून निसटले आणि दोन आठवड्यांत इंग्रजांच्या हाती लागले. मग त्यांच्या बाजूने लढले. दोन्हीकडून लढलेले ट्रॅफल्गारचे जहाज म्हटल्यावर ते जपायला हवे, याबद्दल सगळ्यांचे एकमत होते. पैसे कोणाकडे नव्हते. फ्रान्सला विचारले, फ्रान्सने नको म्हटले. अखेर २ डिसेंबर १९४९ रोजी, दोन्ही देशांची निशाणे लावून, मानवंदना देऊन, पोटात सुरुंग भरून ते समुद्रात नेऊन उडवले. तळ फुटला, पण जहाज बुडेना; बराच वेळ तसेच तरंगत राहिले. जमलेल्या अधिकाऱ्यांना टोप्या काढून किती वेळ उभे राहावे लागेल, याचा अंदाज कोणी बांधलेला नव्हता. त्याच्या पाठीमागच्या कोरीव सज्जाचे लाकूड ग्रिनिचच्या संग्रहालयात आहे. शेजारची त्रिंकोमाली या समारंभाच्या वेळी मुलांना गाठी मारायला शिकवत होती.

मुंबईला या प्रकारात कोणाकडून शिकण्यासारखे उरलेले नाही. ‘विक्रांत’ १९६१ मध्ये भारतीय नौदलात आली, १९७१ च्या युद्धात तिच्यावरून उडालेल्या विमानांनी चित्तगाव आणि कॉक्स बझारवर हल्ले केले, आणि १९९७ मध्ये ती निवृत्त झाली. संग्रहालय म्हणून ती काही वर्षे मुंबईत उभी होती. शाळांच्या सहली येत, मुले डेकवर पळापळी करीत, आणि दरवर्षी तिचे कायमचे संग्रहालय होणार असल्याची बातमी येई. २०१२ मध्ये ती धोकादायक ठरवून बंद केली, २०१४ मध्ये लिलावात सुमारे ६० कोटी रुपयांना विकली आणि तोडली. तिच्या पोलादाचा काही भाग वापरून बजाजने २०१६ मध्ये मोटारसायकल आणली. कॉबने पदके केली होती. मोटारसायकलवर निदान कामाला जाता येते.

मुंबईच्याच गोदीत १८१३ मध्ये बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’वर १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला आणि हाँगकाँग इंग्रजांकडे गेले. एवढे मोठे काम तिच्या अंगावर झाले, तिचे पुढे काय झाले? शीअरनेसला तिचा धक्का केला. म्हणजे इतर जहाजे तिला येऊन टेकू लागली. १९५७ मध्ये मोडली. नियमाला अपवाद मागणाऱ्याने हा दाखला वाचावा.

त्रिंकोमाली १९८७ मध्ये तराफ्यावर चढवून हार्टलपूलला आणली. दुरुस्ती २००१ पर्यंत चालली, खर्च सुमारे एक कोटी पौंड, म्हणजे बांधणीच्या मूळ खर्चाच्या चारशे पटींहून अधिक. सागाने मात्र लाज राखली; तिचे दोन तृतीयांशाच्या आसपास लाकूड अजून मूळचेच आहे. जुने नावही परत मिळाले. आता प्रश्न होता ती ठेवायची कुठे. हार्टलपूल हे कोळसा आणि जहाजबांधणीचे गाव. दोन्ही धंदे बसलेले. तेव्हा तिथे १९९४ मध्ये अठराव्या शतकातला एक घाट नव्याने बांधला. बंदूकवाल्याचे दुकान, तलवारवाल्याचे दुकान, आरमारी शिंप्याचे दुकान, उपकरणे विकणारा, छापखाना. सगळे दुकानदार फायबरचे आणि त्यामुळे अत्यंत नम्र. घाट खोटा, जहाज खरे. पण नवख्या प्रेक्षकाला घाटच जास्त जुना वाटतो, कारण त्याला तसे दिसण्यासाठीच बांधले आहे. लढाईचा अनुभव देणारे आवाज-धुराचे दालनही घाटावरच आहे. जहाजावर लढाई दाखवायची तर कोणती दाखवणार?

गावाची स्वतःची एक युद्धकथाही आहे. नेपोलियनच्या काळात एक फ्रेंच जहाज इथे फुटले आणि त्यातून गणवेश घातलेले एक माकड तेवढे किनाऱ्यावर आले, अशी आख्यायिका आहे. गावकऱ्यांनी फ्रेंच माणूस कधी पाहिला नव्हता. त्यांनी चौकशी केली, माकडाने समाधानकारक उत्तरे दिली नाहीत, म्हणून त्याला हेर ठरवून फाशी दिले. शेजारच्या गावांनी ही गोष्ट हार्टलपूलला चिडवायला वापरली; हार्टलपूलने ती उचलून स्वतःच्या फुटबॉल क्लबचे बोधचिन्ह केली. सामन्यांच्या वेळी माकडाच्या पोशाखात नाचणारा स्टुअर्ट ड्रमंड २००२ मध्ये महापौरपदाला उभा राहिला, शाळेतल्या मुलांना फुकट केळी देण्याचे आश्वासन दिले आणि निवडून आला. नंतर आणखी दोनदा निवडून आला. केळ्यांचा प्रश्न मागे पडला, जसा तो कुठेही पडतो. आख्यायिकेतल्या एका माकडाला फाशी देणाऱ्या गावाने दुसऱ्याच्या हाती कारभार दिला, यावर टीका करणे सोपे आहे. पण तीन निवडणुका जिंकणारा उमेदवार विनोदी नसतो.

घाटापलीकडे ‘विंगफील्ड कॅसल’ ही १९३४ ची चाकाची आगबोट आहे. हिने आयुष्यभर हंबर नदी ओलांडली. हिची सख्खी बहीण लंडनला टेम्स नदीत दारूचा गुत्ता होऊन बसली आहे. दोघींपैकी कोणाकडे गर्दी जास्त, हे सांगायला नको.

जहाज पाहण्याची एक ठरलेली रीत आहे. माणूस धक्क्यावरून फळीवर चढतो, वरच्या डेकवर उभा राहून डोलकाठीकडे मान वर करून पाहतो, आणि लगेच खालच्या डेकवर उतरताना डोके आपटून घेतो. जागोजागी ‘डोके सांभाळा’ अशा पाट्या असतात. त्या वाचायला मान वर करावी लागते. तोफांच्या डेकवर प्रेक्षकांचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग तोफेवर हात ठेवून फोटो काढतो. दुसरा तोफेचे वजन वाचून बायकोला मोठ्याने सांगतो. तिसरा वाकून तोफेच्या तोंडात पाहतो. हा बहुधा सात वर्षांचा असतो आणि त्याच्यासाठीच तोफेचे तोंड लाकडी बुचाने बंद केलेले असते. खलाशांच्या झोळ्या टांगलेल्या असतात. प्रत्येकाला १४ इंच रुंदी मिळे, हे ऐकून विमानातल्या सीटची तक्रार करणारे थोडा वेळ गप्प होतात. मग कप्तानाची खोली येते. तिथे खिडक्या, टेबल, काचेची झुंबरवजा दिवटी, चिनी मातीची भांडी. अडीचशे माणसांचा अंधार संपून इथे एका माणसाचा उजेड सुरू होतो, आणि प्रत्येक प्रेक्षक आपण त्या काळी जन्मलो असतो तर याच खोलीत असतो असे गृहीत धरून पुढे जातो.

लेकाकडे सहा महिन्यांसाठी आलेले एखादे मराठी आजोबा इथे असले की फळीवर चढण्यापूर्वीच मुंबईच्या उल्लेखाची पाटी शोधतात. “हे आपल्या मुंबईत बांधलंय बरं का,” ते नातवाला सांगतात. नातू विचारतो, “मग इथे का आहे?” या प्रश्नाचे उत्तर द्यायला इंग्रजी राजवटीचा दीडशे वर्षांचा इतिहास लागतो, आणि आजोबांना तो देता येतो. आजीने तेवढ्यात बसायला बाक हेरलेला असतो. सागाच्या डेकवर हात फिरवून ती एकच शेरा मारते: “साग चांगला आहे. आमच्या वाड्याचे खांब असेच होते, विकले.”

जहाजापेक्षाही निरुपद्रवी वस्तू म्हणजे जहाजाची प्रतिकृती. संग्रहालयाच्या काचपेट्यांत ती असते, आणि जाणकार लोक खऱ्या जहाजाला अर्धा तास व प्रतिकृतीला दोन तास देतात. इंग्रज आरमारी कचेरीच्या काळातल्या, सतराव्या शतकापासूनच्या प्रतिकृती सर्वांत मानाच्या. त्या बहुतेक १:४८ प्रमाणात असतात, आणि खालच्या भागाला फळ्या न मारता फासळ्या उघड्या ठेवलेल्या असतात. त्या मंजुरीसाठी केल्या की नजराण्यासाठी, यावर अभ्यासकांचे अजून भांडण चालू आहे. वासाच्या संग्रहालयात मूळ जहाजाशेजारी तिची १:१० प्रतिकृती ठेवली आहे, पूर्ण शिडे, पूर्ण रंग. ती बुडण्याची शक्यता नाही, कारण ती पाण्याजवळ नेत नाहीत.

नेपोलियनच्या युद्धातल्या फ्रेंच कैद्यांनी केलेली हाडांची जहाजे हा या कलेचा सर्वांत विलक्षण अध्याय आहे. पीटरबरोजवळ नॉर्मन क्रॉस येथे १७९७ मध्ये कैद्यांची छावणी सुरू झाली. हजारो माणसे, वेळ अमाप, आणि रोजच्या शिध्यातली मटण-बीफची हाडे. कैद्यांनी हाडे उकळून स्वच्छ केली, चिरली, घासली, आणि त्यांची जहाजे करून छावणीच्या दाराशी भरणाऱ्या बाजारात इंग्रजांना विकली. फळ्या हाडाच्या, तोफा कधी पितळेच्या, दोरखंड रेशमाचे. काहींत तळाशी एक दोरी ओढली की सगळ्या तोफा एकदम आत जातात. नकाशा जवळ नसल्याने मापे आठवणीतली, त्यामुळे डोलकाठ्या बहुधा जरा उंचच. ज्यांना इंग्रजांनी जहाजांवरून पकडले त्यांनीच इंग्रजांना जहाजे विकली, आणि तीही त्यांच्याच शिध्यातून उरलेल्या हाडांची. या युद्धात नफा करून घेतलेल्या फ्रेंचांची यादी लहान आहे. तिच्यात या कैद्यांना वरचे स्थान द्यावे लागते.

बाटलीतल्या जहाजाचे रहस्य जाणून घेऊ नये. पण लोक विचारतातच. जहाज बाहेर करतात, डोलकाठ्या बिजागरीसारख्या मागे आडव्या पाडतात, सगळे शिडांसकट बाटलीच्या तोंडातून आत सारतात, आणि बाहेर राहिलेला दोरा ओढला की डोलकाठ्या उभ्या राहतात. मग दोरा कापतात. हे कळल्यावर बहुतेकांचा चेहरा पडतो. बाटली जहाजाभोवती फुंकून केली असावी, अशी त्यांची आशा असते.

आजचा हौशी प्रतिकृतीकार खोक्यातून सामान आणतो. खोक्यावर तयार जहाजाचा फोटो असतो, आत काड्यांची जुडी, दोऱ्याची रिळे, पितळी तोफा आणि तीन भाषांतल्या सूचना असतात. तिन्ही भाषांत पान १४ नंतर एक पायरी गाळलेली असते. १:७२ प्रमाणातली व्हिक्टरी पूर्ण झाल्यावर सव्वा मीटरहून लांब होते. ती जेवणाच्या टेबलावर सुरू होते. घरचे पहिले सहा महिने कौतुक करतात, मग स्वयंपाकघरात उभ्याने जेवू लागतात. पातळ फळ्या पाण्यात भिजवून, गरम करून, वाकवून चिकटवाव्या लागतात. त्यातल्या निम्म्या वाकतात आणि निम्म्या मोडतात. सगळ्यांत कठीण काम दोरांच्या शिड्यांचे. खलाशी डोलकाठीवर चढत त्या शिडीच्या प्रत्येक पायरीला प्रत्येक उभ्या दोराशी एक गाठ, म्हणजे संपूर्ण जहाजाला हजारो गाठी, आणि त्या बारीक चिमट्याने. इथे बहुसंख्य जहाजे थांबतात. काच लावलेल्या कपाटात शिड्यांविना उभी असलेली प्रतिकृती दिसली तर चौकशी करू नये. ‘चालू आहे’ हेच उत्तर येते, आणि ते दहा वर्षांपूर्वीही तेच होते.

ज्यांच्या गाठी पूर्ण होतात ते पुढे दुसऱ्यांच्या चुका काढण्याच्या पात्रतेला पोचतात. संग्रहालयात खऱ्या जहाजासमोर उभा राहून ‘इथला दोर चुकला आहे’ असे म्हणणारा प्रेक्षक हमखास प्रतिकृतीकार असतो. बऱ्याचदा त्याचे बरोबर असते. मूळ जहाजाची दुरुस्ती शंभर वेळा झालेली असते, त्याची प्रतिकृती मात्र १८०५ च्या एका विशिष्ट सकाळची असते.

२०१५ मध्ये या मंडळींवर मोठे संकट आले. व्हिक्टरीच्या जुन्या रंगाच्या थरांचा अभ्यास झाला, आणि निघाले असे की नेल्सनच्या वेळी तिचे पट्टे प्रेक्षकांना ठाऊक असलेल्या त्या झणझणीत पिवळ्या रंगाचे नव्हते, तर फिकट, गुलाबीकडे झुकणाऱ्या छटेचे होते. गोदीत जहाज नव्याने रंगवले गेले. वासाचेही आधी असेच झाले होते. तिची कोरीव नक्षी निळ्या पार्श्वभूमीवर होती अशी समजूत होती, संशोधनाने ती लाल ठरली. पण वासाच्या प्रतिकृती तुलनेने थोड्या. व्हिक्टरी जगभर कपाटांत, दिवाणखान्यांत, निवृत्त अधिकाऱ्यांच्या टेबलांवर उभी होती, आणि ती सगळी एका दिवसात चुकीची झाली. काहींनी पुन्हा रंगकाम काढले. हजारो गाठी मारलेल्या जहाजाला ब्रश लावायचे ज्यांच्या जिवावर आले, त्यांच्यासाठी सोपा मार्ग होता: जहाजाला हात न लावता खालची पितळी पाटी बदलायची, आणि ‘व्हिक्टरी, १८०५’ ऐवजी ‘व्हिक्टरी, २०१४ मध्ये दिसत होती तशी’ असे कोरून घ्यायचे.